टक्क्याचं चिन्ह

बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत मॅटलॅब आलं ते पेनड्राइव्हमधून. क्रॅक केलेलं. वर्गात सगळ्यांकडे तीच कॉपी फिरत होती. तिसऱ्या वर्षी त्याच पेनड्राइव्हच्या कृपेने लॅपटॉप व्हायरसने बसला, आणि मी नाइलाजाने सायलॅबकडे वळलो.

सायलॅबचा जन्म फ्रान्समधल्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेतला. १९९४पासून ते फुकट मिळतंय. मॅट्रिक्स, आलेख, समीकरणं, आमच्या अभ्यासापुरतं सगळं त्यात होतं. तरी वर्गात कुणी नाव ऐकलं नव्हतं. फुकट वस्तूकडे आपण जरा संशयानेच बघतो.

त्याचा प्रसार करत होता आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प, म्हणजे आमच्या अंबरनाथहून लोकलने कांजूरमार्गला उतरलं की जवळच. त्यांची एक युक्ती मला अजून आवडते: टेक्स्टबुक कम्पॅनियन. भाषा किती चांगली आहे यावर भाषण देत बसायचं नाही. सर वर्षानुवर्षं शिकवतात तेच पुस्तक घ्यायचं, त्यातली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घ्यायची, तपासायची आणि सगळ्यांसाठी खुली ठेवायची. लिहिणाऱ्याला प्रमाणपत्र आणि मानधन. सरांना पुस्तक बदलावं लागत नाही, पोरांना उत्तर ताडून बघता येतं. (मीही एक पुस्तक लिहायला घेणार होतो. पहिल्या प्रकरणातच दमलो.)

दुसरी गोष्ट स्पोकन ट्युटोरियलची. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठी आवाजातही. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सायलॅब, आणि कानावर पडेल तसं टाइप करत जायचं. कोड इंग्रजीच, पण समजावणारा आवाज आपला.

मी एवढा भारावलो की चाळीत प्रचारक झालो. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा डिप्लोमा करत होता. त्याला रोज रात्री जेवण झाल्यावर शिकवायचो. दुसऱ्याच दिवशी त्याने विचारलं, "दादा, याने नोकरी लागेल का?"

मी म्हणालो, "लागेल की. मॅटलॅबसारखंच आहे."

वर्षभराने तो एका कंपनीत मुलाखतीला गेला. तिथे मॅटलॅबवर छोटी चाचणी होती. वर्तुळाचं क्षेत्रफळ, म्हटलं तर हातचा मळ. सायलॅबमध्ये पाय लिहायचा तर आधी टक्क्याचं चिन्ह द्यावं लागतं. मी त्याच्या बोटांत ती सवय भिनवली होती. मॅटलॅबमध्ये मात्र टक्क्याच्या चिन्हापुढचं सगळं टिप्पणी ठरतं. त्याने ओळ लिहिली, टक्क्यापासून पुढे सगळं हिरवं झालं आणि एरर आली. त्याने तीच ओळ पुन्हा लिहिली. मग तिसऱ्यांदा.

"मला वाटलं त्यांचा कॉम्प्युटर बिघडलाय," तो परत आल्यावर म्हणाला. मग जरा थांबून, "तू सांगितलं होतंस सारखंच आहे."

काय बोलणार? सायलॅबमध्ये टिप्पणी दोन तिरक्या रेघांनी सुरू होते, हेही मी त्याला शिकवलं होतं. फक्त मॅटलॅबमध्ये ती कशाने सुरू होते हे सांगितलं नव्हतं. फरक सांगितले तर तो पळून जाईल, अशी भीती होती मला. भाषा खपवायच्या नादात मी तिचं वेगळेपणच झाकून ठेवलं होतं. फॉसीवाल्यांनी निदान भाषेला तिच्या स्वतःच्या नावाने पुढे केलं होतं. मी तिला दुसऱ्याचा शर्ट घालून मुलाखतीला पाठवलं.

तो आठवडाभर जिन्यात भेटला तरी बोलला नाही. नंतर एका रविवारी स्वतःच वर आला. हातात वही. मधोमध उभी रेघ मारलेली, डावीकडे मॅटलॅब, उजवीकडे सायलॅब.

"पहिली ओळ मी लिहिलीय," तो म्हणाला. "बाकीच्या तू सांग. आणि या वेळी सगळ्या सांग."

पहिली ओळ टक्क्याच्या चिन्हाची होती. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही वहीची चार पानं भरली.