पंखा बंद केल्यावर

खारघरला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा खिडकीखालच्या लोखंडी जाळीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. रात्री ती घुमायला लागली. तळघरातल्या पार्किंगची हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा होता तो. आवाज कर्कश नव्हता. जड, एकसुरी, उशीतून कानात शिरणारा. गावाहून आलेली आई दोन रात्री जागी राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी जाते रे परत."

मी फोनवर अ‍ॅप टाकलं. खिडकीपाशी ६२ डेसिबल. फोनचं माप काही प्रमाण नाही, पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा ४५ ची आहे. स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. कमिटीने सगळ्यात स्वस्त उपाय केला: दहानंतर पंखा बंद. मी जिंकलो.

दोन आठवड्यांनी रात्री दीडला बाइक लावताना डोळे चुरचुरले. वॉचमन काका खांबाशी खुर्चीवर बसलेले, डोक्याला रुमाल आवळून.

"डोकं लई धरतंय हल्ली. गाड्या येत्यात उशिरापर्यंत, हवा हलतच न्हाई. तुमची आई झोपती ना पण आता?"

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकेदुखी हे त्याचं सुरुवातीचं लक्षण. काकांचं डोकं त्यानेच दुखत होतं का, हे मला सांगता येणार नाही. पण पंखा कोणामुळे बंद होता, ते माहीत होतं.

सकाळी त्याच ग्रुपवर लिहिलं, पंखा चालू करा. "अरे, तूच तर...!" असे मेसेज आले, ते ऐकून घेतले.

मग मेंटेनन्सवाल्या दादांबरोबर खाली गेलो. पंखा आणि डक्ट यांच्यामधला कापडी जोड फाटून पत्र्याला पत्रा लागला होता. पंख्याची थरथर डक्टमधून स्लॅबमध्ये आणि तिथून माझ्या भिंतीत येत होती. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला २४. पाती ८. गुणाकार १९२. अ‍ॅपच्या आलेखातलं सर्वांत उंच टोक तिथेच होतं.

फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि वीज कागदावर आठव्या हिश्श्यावर येते. कमिटीला वीजबिल पटलं. नवा जोड, खाली स्प्रिंगा, वेग बदलणारा ड्राइव्ह आणि गॅसचा सेन्सर बसला. रात्री पंखा हळू फिरतो. गॅस वाढला किंवा आग लागली, तर पूर्ण वेगाने. डक्टमधला सायलेन्सर पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये आहे.

आता अ‍ॅप ४९ दाखवतं. ४५ अजून लांब आहे. आई येते, आठवडाभर राहते. मी बाइक लावली की आधी काकांना डोक्याचं विचारतो, मग वर जातो.