घाटाच्या दोन बाजू

पुण्याहून सातारा रस्त्याने निघावे, नसरापूरच्या फाट्याला उजवीकडे वळावे, की थोड्याच वेळात तोरण्याचा तो प्रचंड देह आभाळाला टेकलेला दिसू लागतो. पायथ्याशी वेल्हे. या तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. पण बाजाराला जाणारी म्हातारी माणसे अजून वेल्ह्यालाच जातात! दक्षिणेला, नीरेच्या काठी भोर, एके काळचे पंत सचिवांचे संस्थान. गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, हिरडस मावळ ही नावे इथे पोथीत नाहीत, लोकांच्या तोंडात आहेत.

मावळ म्हणजे मावळतीकडचा मुलूख. तिथला तो मावळा. मुळात हा नुसता ठावठिकाणा. त्यात मान नव्हता, अपमानही नव्हता. १६६० साली घोडखिंड अडवून धरणारे बांदलांचे लोक याच हिरडस मावळातले, आणि अशा माणसांमुळे शब्दाचे सोने झाले. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा त्यावर ठेवायला आपण बाजारातून 'मावळे'च आणतो ना!

आता हाच मावळा मढे घाटाने किंवा वरंध घाटाने खाली उतरला, की कोकणात तो 'घाटी' होतो. म्हणजे घाटावरचा. त्यानेही उट्टे काढून ठेवले आहे. 'हेट' म्हणजे खालची बाजू, म्हणून खालचे लोक ते 'हेटकरी'. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात मावळी आणि हेटकरी शेजारी शेजारी आहेत. पहिले तलवारीचे, दुसरे बंदुकीच्या नेमाचे. डोंगराने माणसांना दिलेली ही नावे. एक वरचा, एक खालचा, इतकेच.

घाटी हा शब्द बिघडला तो मुंबईत. वेल्ह्याच्या बाजारात चहा घेताना एका म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणे निघाले. उमेदीची वर्षे त्यांनी गिरणीत काढलेली. १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे. मी विचारले, "बाबा, मुंबईत तुम्हाला घाटी म्हणत असतील?"

ते हसले. "म्हनत व्हते की! चाळीत कोकनातला गडी मला घाटी म्हनायचा, म्या त्याला कोकन्या म्हनायचो. रातच्याला एकाच ताटात जेवायचो. त्याचं काय न्हाय, पाव्हनं. पर माझा धाकला भाऊ एका मोठ्या घरात कामाला व्हता. तितं 'घाटी' म्हनून हाक मारायचे. त्याला नाव व्हतं, आईनं ठेवल्यालं. तीन वर्सांत कुनी इचारलं न्हाय."

चाळीतला घाटी आणि त्या घरातला घाटी यांत अक्षराचाही फरक नाही. पण गुजराती, पारशी, इंग्रजी बोलणाऱ्या घरांत शिरताना शब्दातला घाट गळून पडला आणि उरला तो भांडी घासणारा, ओझे वाहणारा, अडाणी मराठी माणूस. गोव्यात त्याचा 'घांटी' झाला, आणि तिथे तर सह्याद्रीपलीकडून मजुरीला आलेला कानडी माणूसही त्यातच मोडतो. उलट छत्रपती संभाजीनगरात जाऊन पाहा. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळाला सारे गाव 'घाटी' म्हणते आणि कुणाला काही वाटत नाही. मुंबईची गंमत तर विचारूच नका. ज्या शहरात घाटी ही शिवी, तिथेच दुकानदार 'अस्सल घाटी मसाला' अशी पाटी लावतो. मसाला हवा, माणूस नको!

'मवाली' हा शब्दही मावळातून निघाला, असे पुष्कळांना वाटते. तो बिचारा फार लांबून आला आहे. अरबीत 'मौला' म्हणजे धनीही आणि त्याचा आश्रितही. 'मवाली' हे त्याचे अनेकवचन; अरबांच्या आरंभीच्या राज्यात, मुसलमान झालेले पण वंशाने अरब नसलेले लोक एखाद्या अरब टोळीच्या आश्रयाने राहत, त्यांना हे नाव होते. म्हणजे धर्म एक, पण रक्ताने परके. उर्दूत 'हाली-मवाली' झाले ते धन्याभोवतीचे खुशमस्करे, आणि आपल्याकडे पोहोचेपर्यंत तो नाक्यावरचा गुंड ठरला. त्याच मौलाच्या घरातला 'मौलाना' मात्र आजही मानाने मिरवतो आहे.

हे म्हाताऱ्यांना सांगितले, तर त्यांना त्या अरबांचे काही सोयरसुतक नव्हते. त्यांचा नातू मुंबईत इंग्रजी शाळेत आहे. वर्गातली पोरे त्याला घाटी म्हणतात, म्हणून तो घरी मराठी बोलायला लाजतो. "मी त्याला सुट्टीत हितं आनतो," ते म्हणाले, "तोरन्यावर चढवतो. वर गेल्यावर इचारतो, आता सांग, घाटी म्हंजी काय?"

"मग काय म्हणतो?"

"दम लागल्याला असतो. बोलत न्हाय."

एवढ्यात भोरची गाडी लागली, आणि ते पिशवी सावरीत उठले.