अब्बांची सायकल

शिराळा म्हटले की बाहेरच्या माणसाला नागपंचमी आठवते. आमच्या घरात मात्र नागपंचमी म्हणजे बांगड्यांचा हंगाम. आम्ही मणेर. पंचमीला माहेरवाशिणी गावी यायच्या, त्यांना हिरवा चुडा भरायचा असायचा. त्याआधीचे आठ-दहा दिवस अब्बा घरी फक्त झोपायला येत. काळी चोवीस इंची सायकल, कॅरिअरवर बांगड्यांची पेटी, वरून प्लास्टिकचा कागद आणि धो धो पाऊस. बिऊर, तडवळे, बिळाशी, कधी पार कोकरूडपर्यंत. पैसे नसलेल्या घरातून पायलीभर भात मिळायचा, तोही त्याच सायकलवर यायचा.

रात्री अब्बा सायकल भिंतीला टेकवत, तेव्हा अम्मी एकच प्रश्न विचारायची, "किती वाढवल्या?" बांगडी फुटली असे म्हणायचे नसते, वाढवली म्हणायचे. दोन-चार वाढवल्या असल्या तर अम्मी काही बोलायची नाही. डझनभर वाढवल्या असल्या तर त्या दिवसाचा नफा गेला, हे आम्हाला लहानपणीच कळत होते.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. थोरला शाळेत मास्तर, धाकट्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान. अब्बांचा धंदा दोघांनीही घेतला नाही. त्यांनीच घेऊ दिला नाही. "हे पाय माझ्याबरोबर संपू देत," असे म्हणायचे. लिहिणारा हात आमच्यातल्या एकाचा आहे, पण सांगणे दोघांचे आहे.

पळण्याची सुरुवात हौसेने झाली नाही. थोरल्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितले. एकट्याला कंटाळा येतो म्हणून धाकटा सोबत निघाला. फजरची नमाज झाली की बाहेर पडायचे आणि उजाडताना परत यायचे. चालण्याचे पळणे कधी झाले ते कळले नाही. रस्त्यावर आम्हाला रोज गावातली पोरे भेटत. ती भरतीची तयारी करणारी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. हातातल्या घड्याळाकडे बघत ती आमच्या अंगावरून वाऱ्यासारखी जात. आमचे पळणे साखर उतरवण्यासाठी, त्यांचे नोकरीसाठी. रस्ता मात्र एकच.

तसा आमचा मुलूख कुस्तीचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढे माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दुष्काळी गावातल्या मुलींनाही पळता येते हे सगळ्यांनी पाहिले. आता साताऱ्याच्या घाटात हजारो माणसे अर्ध मॅरेथॉन पळतात. त्याचे वारे शिराळ्यापर्यंत आले. गेल्या थंडीत इथल्या काही तरुणांनी मिळून छोटी ड्युएथलॉन ठेवली.

ड्युएथलॉन म्हणजे आधी पळायचे, मग सायकल, आणि सायकलवरून उतरून पुन्हा पळायचे. या खेळाची जागतिक स्पर्धा १९९० पासून भरते. मोठ्या स्पर्धेत १० किलोमीटर पळणे, ४० किलोमीटर सायकल आणि पुन्हा ५ किलोमीटर पळणे असते. आमची त्याच्या निम्मी होती: ५, २० आणि अडीच.

अब्बांना सांगितले. ऐंशी उलटलेले, गुडघे धरलेले, दारातल्या खुर्चीवर बसून असतात. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "इत्ता भागके क्या मिलता रे?" पदक मिळते, म्हणालो. "विकता येतं का?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. ज्या माणसाने चाळीस वर्षे पोटासाठी सायकल हाणली, त्याला पैसे भरून सायकल हाणणारी पोरे वेडीच वाटणार. रिकामटेकडेपणा, एवढेच ते म्हणाले. खरे सांगायचे तर हा शब्द आम्हाला लागला. कारण तो अगदीच खोटा नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी मोरणेच्या बाजूने धुके चढत होते. साठ-सत्तर जण होते. निम्मी पोरे भरतीवाली, चार-पाच मुली, आणि आमच्यासारखे पोट सुटलेले काही. शिट्टी वाजली आणि आम्ही पोरांच्या मागे धावत सुटलो. तीच पहिली चूक. पाच किलोमीटर संपेपर्यंत श्वास भात्यासारखा चालू लागला होता.

सायकली ओळीने उभ्या केल्या होत्या. नियम असा, की आधी डोक्यावर हेल्मेट घालून पट्टा लावायचा, मगच सायकलला हात लावायचा. आणि ठरलेल्या रेषेपर्यंत सायकल ढकलत न्यायची, मग बसायचे. धाकट्याने घाईत आधी सायकल ओढली. तिथल्या मुलीने त्याला थांबवले. "काका, सायकल परत ठेवा. आधी हेल्मेट." आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस शाळकरी पोरासारखा परत फिरला. तोपर्यंत थोरला पुढे निघून गेला होता.

रस्ता कोकरूडच्या दिशेचा. दहा किलोमीटर जायचे, वळायचे, यायचे. अब्बांचाच रस्ता. तेव्हा खडीचा होता, आता डांबरी आहे, पण चढ तोच. त्या चढावर धाकट्याने थोरल्याला गाठले आणि मागे टाकले. गॅरेजमध्ये राबलेल्या मांड्या कामाला आल्या. परतीच्या उतारावर त्याने सायकल मोकळी सोडली. ऊसतोडीचे दिवस होते. कुठल्या तरी ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या वळणावर चेपून पडल्या होत्या. ब्रेक दाबला, मागचे चाक घसरले, माणूस रस्त्याच्या कडेला आणि चेन खाली.

थोरला मागून आला तेव्हा धाकटा गुडघ्यातून रक्त येत असताना चेन बसवत होता. थोरला उतरला. "तू जा," धाकटा म्हणाला. "वेळ जाईल तुझा." थोरला गेला नाही. तेव्हा आम्हाला दोघांनाही एकदमच आठवले, की अब्बा या वळणावर नेहमी उतरायचे. लहानपणी पुढच्या नळीवर बसून त्यांच्याबरोबर फेरीला जायचो, तेव्हा उतार आला की आम्हाला वाटायचे, आता मजा! आणि नेमके तिथेच ते उतरून सायकल हाताने न्यायचे. आम्ही रुसायचो. ते म्हणायचे, "चढाला दम जातो, तो परत येतो. उताराला माल जातो, तो येत नाही."

पुढे आम्ही बरोबरच आलो. सायकली ठेवल्या आणि अडीच किलोमीटर पळायला लागलो. लागलो म्हणजे काय, पायच सापडेनात. सायकलवर अंगाचा भार बैठकीवर असतो, पाय नुसते गोल फिरतात. पळताना प्रत्येक पावलाला तोच भार आपटतो. थकलेल्या स्नायूंना हा बदल कळायला काही मिनिटे लागतात. पाय आपले नाहीतच, दुसऱ्या कुणाचे उसने आणलेत असे वाटत होते. ज्यांना खूप सराव आहे ती माणसे सायकलच्या शेवटच्या टप्प्यात हलक्या गियरवर पाय भराभर फिरवून घेतात. आम्हाला ते माहीत होते, पण ऐन वेळी सुचले नाही.

मग वाटले, अब्बा दिवसातून हे किती वेळा करत असतील? सायकल, उतरणे, ढकलणे, दारोदार चालणे, बसून चुडा भरणे, पुन्हा सायकल. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला पाण्याचे ग्लास घेऊन कुणी उभे नव्हते. टाळ्या तर नव्हत्याच. आम्ही हौसेने थकत होतो, कारण ते नाइलाजाने थकले होते. रिकामटेकडेपणा म्हणाले ते याच अर्थाने खरे होते. हा रिकामा वेळ आमचा नव्हता. तो त्यांनी कमावून आम्हाला दिला होता.

एक तास छप्पन मिनिटांनी आम्ही पोहोचलो. मागे मोजून सहा जण होते. पदक सगळ्यांनाच मिळाले.

घरी आलो. अब्बा दारातच होते. धाकट्याचा गुडघा त्यांनी आधी पाहिला. मग दोन्ही पदके हातात घेतली, वजन करावे तशी तळहातावर तोलली, एकमेकांवर हलकेच वाजवून पाहिली. बांगड्यांची जोडी घेताना अशीच वाजवायचे, तडा गेला असेल तर आवाज बद्द येतो.

"कुठं पडलास?"

सांगितले. उतारावरचे ते वळण.

"तिथं उतरायचं असतं," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. अम्मीला जाऊन आता अकरा वर्षे झाली. तिच्या प्रश्नाची सवय त्यांना गेली नसावी. पदके परत देता देता त्यांनी विचारले,

"किती वाढवल्या?"

"एकपण नाही, अब्बा," आम्ही म्हणालो.