संकलकाचे श्रेय

संकलन म्हणजे वेचून एकत्र करणे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संकलक’ हा शब्द आला की मात्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कात्री उभी राहते. नको तो भाग कापून टाकतो तो संकलक, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. आमच्या झरीत तीही नव्हती. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. कापूस, तूर आणि सोयाबीनच्या भावांवर येथील दिवस उगवतो आणि मावळतो. येथे या कामाला एकच नाव ठाऊक होते, ते म्हणजे ‘मिक्सिंग’. लग्नाचे शूटिंग झाले की परभणीहून मिक्सिंग होऊन येते. त्यात नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून उगवतात आणि बदामाच्या आकारात मावळतात. माझा पुतण्या मुंबईत दूरचित्रवाणी मालिकांचे संकलन करतो हे कळल्यावर एका हितचिंतकाने माझ्या भावाला सुचवले, “मग परभणीलाच मिक्सिंगचे दुकान का टाकून देत नाही?”

सल्ला मनापासून दिलेला होता. आमचे घर कापडाच्या दुकानाचे; मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्याने सी.ए. व्हावे किंवा गल्ल्यावर बसावे, याखेरीज तिसरी वाट घरात कोणाच्या मनात आलेली नव्हती. आज आपल्या अनेक कुटुंबांतील मुले अशा अनोळखी वाटांनी जात आहेत. त्या वाटेवर नेमके काय असते, हे पालकांनी जाणून घ्यावे, म्हणून मी जे वाचले आणि पाहिले ते येथे मांडतो.

चित्रपट ज्या क्रमाने आपण पाहतो त्या क्रमाने तो सहसा चित्रित होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी होतो, एकच वाक्य पाच-सात वेळा घेतले जाते, तोच प्रसंग दुरून, जवळून आणि खांद्याआडून टिपला जातो. फिल्मच्या काळात सेकंदाला २४ चित्रे आणि मिनिटाला ९० फूट हा हिशेब होता. या साऱ्या ढिगातून कोणता तुकडा घ्यायचा, तो कोठे सुरू करायचा, कोठे सोडायचा आणि त्याच्या शेजारी कोणता ठेवायचा, हे संकलक ठरवतो. शेजाराचा हा परिणाम किती मोठा असतो, ते सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने दाखवून दिले. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या ताटलीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा तरुणीशेजारी जोडला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, शोक आणि अनुराग दिसला. चेहरा बदललाच नव्हता.

आपल्याकडे या कामाचा आरंभ घरातच झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने कालवणे आणि सर्वांचा स्वयंपाक करणे ही कामे सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म कापण्या-जोडण्याच्या कामातही त्यांचा हात होता. पतीच्या थोर नावामागे त्यांचे नाव मात्र दीर्घकाळ राहिले. या व्यवसायाचे प्राक्तन जणू तेथेच लिहिले गेले.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एम. एस. शिंदे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. त्यासाठी सुमारे तीन लाख फूट फिल्म चित्रित झाली होती आणि शिंदे यांनी ती सुमारे वीस हजार फुटांवर आणली, असे सांगितले जाते. म्हणजे पंधरा फूट हाताळायचे, तेव्हा एक फूट ठेवायचा. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शोले’ला एकच पुरस्कार मिळाला आणि तो संकलनाचा होता. संवाद आजही लहान मुलांना पाठ आहेत. पण शिंदे हे नाव किती घरांत माहीत असेल? २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते धारावीतील लहानशा घरात हलाखीत राहत होते, असे वर्तमानपत्रांत आले. मी ती बातमी माझ्या भावाला दाखवली नाही. त्याला ती आधीच ठाऊक होती.

मात्र एकाच आयुष्यावरून साऱ्या व्यवसायाचा निवाडा करता येत नाही. पुण्यात ज्या जागी एके काळी प्रभात स्टुडिओ होता तेथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि संकलनाचे रीतसर शिक्षण मिळू लागले. तेथे शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’ या चित्रपटांसाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. त्या २००० साली अवघ्या ४८व्या वर्षी गेल्या; परंतु या कामात स्त्रियांना मानाचे स्थान मिळाले, त्यामागे त्यांचे मोठे काम आहे. राजकुमार हिरानी हे नागपूरचे. वडिलांची टंकलेखन संस्था होती आणि मुलाने सी.ए. व्हावे अशी घरची इच्छा. त्यांनी पुण्याला संकलनाचे शिक्षण घेतले, ‘मिशन कश्मीर’सारख्या चित्रपटांचे संकलन केले आणि पुढे दिग्दर्शक झाले. त्यांच्याही आधी हृषीकेश मुखर्जी यांनी ‘दो बिघा जमीन’चे संकलन केले होते. गोष्ट कोठे रेंगाळते आणि कोठे धावते, याचे शिक्षण संकलनाच्या टेबलाइतके दुसरीकडे क्वचितच मिळते.

न कापणे हाही संकलकाचाच निर्णय असतो. ‘कोर्ट’ या २०१४ च्या मराठी चित्रपटात न्यायालयातील दृश्ये दीर्घकाळ तशीच राहतात. संकलक रिखव देसाई घाई करीत नाहीत. ‘सैराट’चे संकलन कुतुब इनामदार यांचे. ज्या चित्रपटाच्या गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला, त्याच्या अखेरच्या क्षणांत संगीताचा एक सूर नाही. त्या शांततेने चित्रपटगृहे सुन्न झाली.

पुतण्याचे काम एवढे मोठे नाही. तो चार वर्षे साहाय्यक होता, आता कोठे स्वतंत्रपणे भाग जुळवू लागला आहे. रात्री उशिरा चित्रीकरणाची हार्ड डिस्क येते. साहाय्यकाने प्रथम तिच्या दोन प्रती करायच्या, कारण मूळ प्रत गेली तर साऱ्यांची मेहनत गेली. मग चित्र आणि आवाज जुळवायचा, प्रत्येक तुकड्याला नाव आणि क्रमांक द्यायचा. त्यानंतर संकलक कच्ची जुळणी करतो, दिग्दर्शक पाहतो, वाहिनीची माणसे सूचना देतात आणि पुन्हा सर्व बदलते. जाहिराती वगळता अर्ध्या तासाच्या भागाला बावीस-तेवीस मिनिटे मिळतात. रोजची मालिका असली की दिवस आणि रात्र यांतला भेद उरत नाही.

गेल्या वर्षी तो चार दिवस गावी आला होता. दुपारी त्याच्याच एका भागाचे पुनःप्रक्षेपण लागले. माझी आई समोर सूप घेऊन तूरडाळ निवडत होती. धान्यात एखादा जीव राहून जाऊ नये म्हणून निवडताना तिची नजर सुपावरून हलत नाही. मालिका ती केवळ ऐकते. प्रसंग असा होता की घरात वाईट बातमी येते आणि सासू काही बोलू लागते. तेथे पुतण्याने तिच्या पहिल्या शब्दाआधी तीन सेकंद काहीच ठेवले नव्हते, ना संवाद ना वाद्य. ते रिकामे वाटते, काढून टाका, असे त्याला सांगण्यात आले होते. त्याने विनवणी करून ते राखले होते. त्या तीन सेकंदांत आईचा हात थांबला आणि तिने मान वर करून पडद्याकडे पाहिले. पुतण्या पडद्याकडे पाहतच नव्हता. तो आजीकडे पाहत होता. भाग संपल्यावर आई म्हणाली, “तुझं नाव काही दिसलं नाही रे.” तो हसून म्हणाला, “आजी, मला जे पाहायचं होतं ते दिसलं.”

त्याच सुमारास एक कटु अनुभवही आला. एका निर्मिती संस्थेने मालिका अचानक बंद केली आणि त्याचे तीन महिन्यांचे मानधन अडकले. काम झाल्यावर ९० दिवसांनी पैसे देण्याची या क्षेत्रात रीत आहे, त्यामुळे बुडाले की एकदम मोठी रक्कम बुडते. घरात बैठक बसली. “बनी तो बनी, नहीं तो परभणी,” अशी आपल्या जिल्ह्याची जुनी म्हण. भावाने तीच ऐकवली आणि परत ये म्हणाला. पुतण्याने उत्तर म्हणून एक वही पुढे केली. कोणत्या तारखेला किती तास काम, कोणता भाग, कोणी मान्य केला, सारे त्यात दिनांकवार लिहिलेले होते. उधारी कशी लिहावी हे तो आमच्याच दुकानात शिकला होता. भावाने चष्मा लावून ती वही पानापानाने पाहिली. मग परत येण्याचा विषय त्याने काढला नाही. पुढच्या खेपेला तो स्वतः मुलासोबत देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेला. निम्म्याहून अधिक रक्कम हाती आली. उरलेली येईल असे वाटत नाही.

ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. पडद्यावरच्या नावावरून या कामाची किंमत करू नये. ते नाव निमिषभर येते आणि मालिकेत कित्येकदा येतही नाही. करार लेखी असावा, कामाची नोंद रोजची असावी, व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व घ्यावे, आणि काम नसलेल्या महिन्यांसाठी काम असलेल्या महिन्यांतून बाजूला काढावे. म्हातारपणाची तरतूद पहिल्या मानधनापासून सुरू करावी. शिंदे यांच्या आयुष्यातून एवढे तरी शिकलेच पाहिजे. आणि आपले मूल या कामात खरोखर रमले आहे का, हे ओळखायचे असेल तर ‘तू काय केलेस?’ असे विचारू नये. ‘तू काय काढलेस, आणि का?’ असे विचारावे. आमच्याकडे हल्ली फोनवर माझा भाऊ हाच प्रश्न विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत दुकानातले गिऱ्हाईक थांबवून धरतो.