डेन्व्हर तिसरं कसं?

बास्केटबॉल हा काही आपला खेळ नव्हे. आपण गोंयकार फुटबॉलवाले. त्यामुळे या खेळावर मी कधी लिहीन असं मलाही वाटलं नव्हतं. पण माझी सासुरवाड नांदेडची, बायकोची मावशी आदिलाबादला, आणि मावशीच्या मुलाला अमेरिकेतल्या एनबीएचं वेड. हिवाळ्यात तिकडे कडाक्याची थंडी पडते. सकाळी आठला सगळे पांघरुणात असताना हा पठ्ठ्या मोबाईलवर सामना लावून बसलेला. "दाजी, एक कोडं घालू?" म्हणाला, आणि २००६ चा तक्ता माझ्यापुढे धरला.

कोडं समजायला थोडी मांडणी हवी. एनबीएत ३० संघ. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, आणि प्रत्येक भागात पाच-पाच संघांचे तीन विभाग. साखळीत प्रत्येकाचे ८२ सामने. मग प्रत्येक भागातले आठ संघ पुढच्या फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, आणि त्यांना एक ते आठ मानांकन. पहिल्याची गाठ आठव्याशी, चौथ्याची पाचव्याशी, आणि या दोन लढतींतले विजेते पुढच्या फेरीत समोरासमोर.

तेव्हाचा नियम असा, की तिन्ही विभागांतल्या पहिल्या संघांना पहिली तीन मानांकनं. पश्चिमेत सॅन अँटोनिओने ६३ सामने जिंकले, डॅलसने ६०. पण दोघेही टेक्सासचे, एकाच विभागातले. डॅलस विभागात दुसरं, म्हणून मानांकन चौथं. आणि ४४ सामने जिंकलेलं डेन्व्हर आपल्या विभागात पहिलं, म्हणून तिसरं! पश्चिमेतले सर्वांत बलाढ्य दोन संघ त्यामुळे दुसऱ्याच फेरीत भिडले. सात सामने झाले, सातवा जादा वेळेत गेला आणि डॅलस जिंकलं. ही लढत खरं तर पश्चिमेची अंतिम फेरी म्हणून शोभली असती.

आणखी एक गंमत. सहाव्या मानांकनाचे क्लिपर्स ४७ सामने जिंकलेले. घरच्या मैदानावर जास्त सामने मिळण्याचा हक्क मात्र विजयांच्या संख्येवर ठरायचा. म्हणजे मान तिसऱ्याला आणि यजमानपद सहाव्याला! क्लिपर्सनी डेन्व्हरला ४-१ असं गुंडाळलं. पाचवं येण्यापेक्षा सहावं येणं फायद्याचं, असा हा कारभार.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. महाराष्ट्राच्या राज्य नाट्यस्पर्धेत केंद्रातलं पहिलं नाटक अंतिम फेरीला जातं. आमच्या केंद्रातलं दुसरं नाटक भलत्या केंद्रातल्या पहिल्यापेक्षा कितीतरी सरस होतं, हे वाक्य फोंड्याच्या चहाच्या टपरीवर ज्याने ऐकलं नाही असा नाट्यवेडा मला दाखवा.

मी तसं म्हणालो, तेव्हा इतका वेळ पेपर वाचत बसलेले काका मधे पडले. "जावईबापू, तुम्ही जिंकणाऱ्याच्या बाजूनं बोलताय."

काकांच्या बोलण्याला आधार होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे मराठीबहुल तालुके तोडून इकडे मुंबई राज्याला जोडले, आणि उरलेला जिल्हा आंध्रात गेला. काकांचं मराठी घर त्या उरलेल्यात. पुढे १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आंध्र प्रदेशाचे नोकऱ्यांसाठी सहा झोन झाले. पाचव्यात आदिलाबाद, करीमनगर, वरंगळ, खम्मम. सहाव्यात हैदराबाद आणि भोवतालचे जिल्हे. स्थानिक उमेदवारांना आपापल्या झोनमध्ये राखीव वाटा. "हैदराबादच्या पोरांबरोबर मला एका यादीत बसवलं असतं तर मी कुठल्या कुठे वाहून गेलो असतो," काका म्हणाले. "तरी वरंगळची हुशार पोरं आमच्याच झोनमध्ये होती. ती आमची सॅन अँटोनिओ."

कोडं त्यांनी पेपरच्या आडून पूर्ण ऐकलं होतं, हे तेव्हा कळलं.

पोरगा ऐकेना. त्याचं म्हणणं, एनबीएने ही चूक सुधारली. पुढच्याच मोसमापासून विभागविजेत्यांना फक्त पहिल्या चारांत जागा राहिली. २०१५ मध्ये पोर्टलंड ५१ विजयांवर चौथं झालं, तर ५५ विजय मिळवणारी मेम्फिस आणि सॅन अँटोनिओ पाचवी, सहावी. त्यानंतर नियमच गेला. आता मानांकन जिंकण्या-हरण्याच्या हिशेबावर. सातवी-आठवी जागा तर आणखी एका छोट्या पात्रता फेरीतून ठरते. विभाग जिंकल्याचा उपयोग उरला तो बरोबरी सोडवण्यापुरता. २०२२ मध्ये विभागविजेत्यांसाठी चषक मात्र जाहीर झाले. (हक्क काढून घेतला की सत्कार वाढतात, हे आपल्याला नवीन नाही.)

मला विचाराल तर खेळापुरता पोरगा बरोबर आहे, पण त्याचं कारण त्याने सांगितलं नाही. एनबीएत दुबळ्याला हात द्यायची वेगळी सोय आहे. सगळ्या संघांच्या पगाराला एकच मर्यादा, आणि दरवर्षी नवे खेळाडू निवडताना सर्वांत वाईट खेळलेल्यांना आधी निवडण्याची संधी जास्त. एवढं हाताशी असताना विभागाची वेगळी ढाल कशाला? नाट्यस्पर्धेत आणि नोकरीत असलं काही नसतं. तिथे केंद्र किंवा झोन काढला तर छोट्या गावाच्या हाती काहीच राहत नाही. पुण्या-मुंबईची यादी आणि हैदराबादची यादी, संपलं.

हे मी काकांना सांगितलं. ते खूश झाले, पण खुशी दाखवण्यातले नव्हेत.

"म्हणजे हरलेल्याला पहिली उचल?"

"बरीचशी."

"मग आमच्या जिल्ह्याला द्या म्हणावं. चांगले मास्तर, चांगले डॉक्टर, पहिले आम्ही उचलणार, मग हैदराबाद. मग झोन काढा खुशाल."

२०१८ च्या आदेशाने तेलंगणात नवे झोन आखले. आदिलाबाद आता बासर झोनमध्ये, निजामाबादसोबत. वरंगळ सुटलं. पोरगा त्याच झोनमधून परीक्षेला बसतोय, अर्ज काकांनीच भरून दिलाय.