गंजातली तार

आमच्या घरी बेस गिटारच्या तारा वरणाच्या गंजात शिजायच्या. साल 1988, जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची इस्टेट. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात मी बेस वाजवायचो. आर. डी. बर्मनच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस टेपला कान लावून शिकलो होतो, पण मळक्या तारेवर तो नुसता धप्प-धप्प वाजे. नवा संच परवडत नसे. म्हणून पोळा झाला की चारही तारा उतरवायच्या, भेंडोळं करायचं, चिमूटभर खायचा सोडा आणि दहा मिनिटं उकळी. वर्षभराचा घाम-मळ वेढ्यांतून सुटून पाणी चहासारखं होई. "काय करून राहिला बाप्पा! वरण कशात टाकू मी?" आई करवादायची. तारा उन्हात नीट वाळल्या नाहीत, तर गंजातून निघून त्यांनाच गंज चढायचा.

बाबा फॅक्टरीत. स्फोटकांचं काम, ठिणगी नको म्हणून हत्यारंसुद्धा पितळेची, काडेपेटी गेटबाहेर. धूळ दिसली की त्यांचा हात शिवशिवे. जुन्या बनियनने ते गिटार पुसत, खुंट्यांना शिलाई मशीनचं तेल देत आणि फ्रेटबोर्डला चक्क खोबरेल! दोन दिवस लाकूड लखलखे, मग चिकट होऊन सगळ्या इस्टेटीची धूळ धरे.

फॅक्टरीच्या फलकावर 2021 पासून म्युनिशन्स इंडियाचं नाव आहे. माझ्याकडेही मायक्रोफायबरचं फडकं आलं, रोजवुडसाठी वेगळं तेल आलं. तारा आता नळीत स्पिरिट भरून रात्रभर बुडवतो, गंजत नाहीत. मे महिन्यात लाकूड आकसून फ्रेटची टोकं हाताला खुपतात, पावसाळ्यात नेक वाकते; मग ॲलन कीने आतली सळी पाव वेढा फिरवायची. तेव्हा अशी सळी असते हेच ठाऊक नव्हतं. तार उंच झाली की आम्ही बोट जोरात दाबायचो, इतकंच.

उकळलेल्या तारेची खणखण दहा-बारा दिवस टिके. पण अनंतचतुर्दशीच्या पुढे ती हवी होती कुणाला? आताच्या तारा महिनोन् महिने खणखणीत राहतात. मी दर रविवारी त्या पुसतो आणि गिटार पुन्हा खोक्यात ठेवतो.

आईचा गंज अजून आहे. त्यात आता फक्त वरण शिजतं.