शेवटची गाडी कितीला?

पुण्यात ऑफिसमध्ये कुणी 'गाव कुठलं?' विचारलं आणि मी 'हिंगोली' म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. 'म्हणजे हिंगणघाट का रे?' नाही. मग मी 'नांदेडच्या जवळ' म्हणून विषय मिटवतो. पण परवा टीममधल्या एकानं पुढचं विचारलं, 'औंढा नागनाथला आईबाबांना न्यायचंय, गाडी नाही आपल्याकडे. जायचं कसं?' हा प्रश्न मला जाम आवडला. त्याला चहाच्या टपरीवर अर्धा तास जे सांगितलं, ते आज तुम्हालाही सांगतो.

तर पहिला मार्ग रेल्वेचा. आमच्या स्टेशनचं नाव 'हिंगोली डेक्कन'. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, हे हा बोर्ड वाचला की दर वेळी आठवतं. पूर्णा-अकोला ही आमची लाइन मीटरगेज होती, २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. मोठी गाडी बघायला अख्खं गाव लोटलं होतं म्हणे. मुंबई-जालना जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत वाढवली, त्यामुळे मुंबईकरांची आता सोय झाली.

दुसरा मार्ग परभणीचा. परभणीला रेल्वेनं उतरायचं, बसस्टँडवर यायचं आणि हिंगोलीची एसटी धरायची. वाटेत झिरो फाटा लागतो. (हो, खरंच हेच नाव आहे. मोजणी शून्यापासून सुरू करायची हे आमच्याकडं कॉम्प्युटर यायच्या आधीपासून माहीत होतं!) मग जवळा बाजार, मग औंढा. देवदर्शन करायचं असेल तर इथंच उतरा. हिंगोली इथून साधारण पंचवीस किलोमीटर पुढे. ज्योतिर्लिंगाचं ठिकाण असल्यामुळं औंढ्याला गाड्यांची ददात नाही. मात्र श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला जाणार असाल तर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्याची कला शिकून या.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी गंमत तालुक्याच्या पुढं सुरू होते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच: हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा आणि सेनगाव. एसटीची आगारं मात्र तीन: हिंगोली, वसमत आणि कळमनुरी. तीही जिल्हा झाल्यानंतर परभणी विभागातच राहिली. आता आगार नसल्यानं काय फरक पडतो, असं तुम्ही विचाराल. फरक असा की गाडी जिथं रात्री झोपते, तिथून ती सकाळी निघते. आगारापासून लांबच्या खेड्यातल्या माणसाला सकाळी तहसीलला, कोर्टात, कॉलेजात पोचायचं असेल, तर गाडी आदल्या रात्रीच गावात येऊन थांबायला हवी. तिला म्हणायचं मुक्कामी गाडी. संध्याकाळी येते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि उजाडायच्या आत डबल बेल. पण रात्री गाडी आली नाही, तर सकाळचीही गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर रात्रीचा बॅच जॉब फेल झाला की सकाळचा रिपोर्ट मिळत नाही. फरक एवढाच, इथं क्लायंट म्हणजे फाट्यावर दप्तर घेऊन उभी असलेली पोरगी असते.

हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या काकांची धाकटी मुलगी २०२१ मध्ये दहावीला होती. शाळा गावापासून अकरा किलोमीटर. त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आमच्याकडं घरात रोज बैठक बसायची. काका काही दिवस मोटरसायकलवर सोडून आले. मग कापूस वेचणीला आला, तुरी आल्या. काळीपिवळी जीपमध्ये चौदा माणसांत पोरीला एकटी कशी पाठवायची? एके रात्री काका म्हणालेच, "राहू दे आता औंदा. पुढच्या वर्षी बघू." आणि पुढचं वर्ष म्हणजे काय, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या वर्षी स्थळं बघतात.

काकूनं आजवर काकांपुढं आवाज चढवला नव्हता. त्या रात्री चढवला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः पोरीबरोबर तीन किलोमीटर फाट्यापर्यंत चालत जायला लागली आणि ओळखीच्या जीपवाल्याकडं पुढची सीट धरायला लागली. हळूहळू आणखी तिघी पोरी सोबत आल्या. चौघीही पास झाल्या. आमची सध्या नांदेडला बीएस्सी करते.

गावाकडं निळ्या रंगाच्या मानव विकासच्या बसेस दिसतात, खास शाळकरी मुलींसाठीच्या. मागास तालुक्यांत त्या सुरू झाल्या. शहरात बसून त्यांना कुणी फुकटची खैरात म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती बस म्हणजे शाळेचाच एक वर्ग आहे, चाकांवरचा.

एसटी फायद्यात का नाही, यावर आपण ऑफिसात वाद घालतो. त्यांचा एक शब्द आहे, भारमान. म्हणजे गाडी किती भरते. ज्याला ऐपत आली तो मोटरसायकल घेतो, भारमान घटतं, फेरी कमी होते, आणि मागं उरतात पोरी आणि म्हातारी माणसं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये बायकांना तिकीट अर्धं झालं. तेव्हापासून आमची आजी आधार कार्ड पिशवीत घालून डोळे दाखवायला एकटी हिंगोलीला जाते. आधी तिला कुणीतरी 'मोकळं' होण्याची वाट बघावी लागायची. आता येताना नरसीला नामदेवांचं दर्शनही घेऊन येते, आणि आम्हाला नंतर सांगते!

असो. तर मित्राला मी शेवटी एकच टीप दिली, तीच तुम्हाला देतो. आमच्याकडं आलात तर चौकशीच्या खिडकीवर जायची गाडी विचारू नका. ती कशीही मिळते. विचारायचं, "परतीची शेवटची गाडी कितीला?" तिथली माणसं दिवसभराची सगळी कामं त्या एका वेळेवरून उलटी मोजत येतात.